पिचरच्या पायांकडे बघा: पिकऑफ आणि बॉक समजून घेताना

बेसबॉल नव्याने बघणाऱ्याला होमरन पहिल्याच दिवशी कळते. स्ट्राइक आणि बॉलची मोजणी दोन-चार डावांत अंगवळणी पडते. मग एके ठिकाणी गाडी अडते. पिचरने चेंडू टाकलेला नाही, बॅटरने काही मारलेलं नाही, तरी अंपायर बोट दाखवत पुढे येतो आणि फर्स्ट बेसवरचा रनर आरामात चालत सेकंडला जाऊन उभा राहतो. समालोचक ‘बॉक’ एवढंच म्हणतात आणि पुढे बोलू लागतात. काय चुकलं हे रिप्लेत तीनदा बघूनही समजत नाही.

समजत नाही, कारण आपली नजर चेंडूवर असते. बॉक म्हणजे बेसवर रनर असताना पिचरने केलेली नियमबाह्य हालचाल, आणि हा नियम बहुतांशी पायांचा आहे. पिचरचा कोणता पाय कुठे आहे आणि तो कुठल्या दिशेला निघाला, एवढं बघायची सवय लागली की दहापैकी आठ बॉक तुम्हाला अंपायरच्या बरोबरीने दिसायला लागतील. चार बेस, तीन स्ट्राइक, तीन आउट एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहितो आहे. उदाहरणं आणि आकडे मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचे आहेत, लहान मुलांच्या सामन्यांबद्दल शेवटी वेगळं सांगतो.

सुरुवात रनरपासून

पिचरआधी रनर समजून घ्या. फर्स्ट बेसवर पोहोचलेला रनर बेसला चिकटून उभा राहत नाही. तो सेकंडच्या दिशेने तीन-साडेतीन मीटर सरकून, गुडघे वाकवून, दोन्ही बाजूंना पळायच्या तयारीत उभा असतो. याला लीड म्हणतात. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, त्यातले दहा-बारा फूट त्याने आधीच खाल्लेले असतात.

आता सेकंदांचा हिशेब बघा. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातात जायला साधारण १.३ सेकंद लागतात. कॅचरने तो पकडून, उठून, सेकंडला पोहोचवायला आणखी सुमारे २ सेकंद. म्हणजे बेस चोरायला, अर्थात बॅटरने चेंडू न मारताच पुढच्या बेसकडे, निघालेल्या रनरकडे जेमतेम ३.३ सेकंद असतात, आणि चांगल्या रनरला लागणारा वेळही त्याच्या आसपासच असतो. पाऊलभर जास्त लीड मिळाला किंवा पिचरच्या हालचालीचा अंदाज क्षणभर आधी आला तर रनर सेफ, नाहीतर आउट.

म्हणून पिचर मधूनच बॅटरला सोडून फर्स्टला चेंडू फेकतो. रनरला बेसबाहेर गाठून आउट करायचा हा प्रयत्न म्हणजे पिकऑफ. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, पाचदा फेकला, एकदाही आउट झाला नाही, मग वेळ का घालवतोय? पण बहुतेक थ्रो आउट करण्यासाठी नसतातच. रनरला धास्ती वाटून त्याने लीड अर्ध्या पावलाने कमी केला, तरी पिचरचं काम झालेलं असतं.

पिचरला हवी तशी हूल द्यायची मुभा असती, तर रनर बेसवरून हललाच नसता आणि खेळातला एक फार सुंदर भाग संपला असता. बॉकचा नियम यासाठीच आहे. पिचरने रनरला मुद्दाम फसवू नये हा या नियमाचा हेतू आहे, असं नियमपुस्तकच अंपायरना सांगतं. खो-खोत खो मिळाल्यावर खेळाडूने खांदा एकदा एका बाजूला वळवला की त्याला त्याच दिशेने जावं लागतं, उलट फिरला की फाउल. बॉकचं तत्त्व तेच आहे: रबरवर उभं राहून जे सुरू केलंस, ते पूर्ण कर.

पहिली नजर: पाय रबरवर आहे का?

पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावरून टाकतो त्या माउंडच्या माथ्यावर पांढरी पट्टी असते, २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद. नियमपुस्तकात ती पिचर्स प्लेट, मैदानावर सगळे तिला रबर म्हणतात. तिथून होम प्लेट ६० फूट ६ इंचांवर.

उजव्या हाताने टाकणाऱ्या पिचरचा उजवा पाय आणि डावखुऱ्याचा डावा पाय हा त्याचा पिव्हट पाय. दुसरा तो मोकळा पाय. पिव्हट पाय रबरला टेकलेला आहे तोवर पिचरला फक्त तीन गोष्टी करता येतात: बॅटरला चेंडू टाकणं, बेसच्या दिशेने पाऊल टाकून तिथे फेकणं, किंवा पिव्हट पाय मागच्या बाजूला उतरवून रबर सोडणं. चौथा मार्ग नाही. यापैकी एकाची सुरुवात करून अर्ध्यावर सोडली, किंवा दोघांची सरमिसळ केली, की बॉक.

पिव्हट पाय मागे उतरवणं म्हणजे स्टेप ऑफ. पाय रबरच्या मागे, म्हणजे सेकंड बेसच्या बाजूला टेकला की पिचर त्या क्षणापासून इतर इनफिल्डरसारखा साधा क्षेत्ररक्षक होतो. मग त्याने फर्स्टला हूल दिली, थर्डला दिली, फेकलं, नाही फेकलं, पाऊल टाकलं की नाही, कशालाच बंधन नाही. फक्त चेंडू टाकण्याची नक्कल करायची नाही. पाय पुढे किंवा बाजूला काढला तर मात्र त्याला स्टेप ऑफ म्हणत नाहीत.

या फरकाचा एक परिणाम नव्या प्रेक्षकाला फार गोंधळात टाकतो. पिचरने पिकऑफसाठी फेकलेला चेंडू पार प्रेक्षकांत गेला, तर रनरला किती बेस मिळणार? रबरवरून फेकला असेल तर एक, रबर सोडून फेकला असेल तर दोन. थ्रो अगदी तोच, चेंडू त्याच खुर्चीखाली जाऊन पडलेला, आणि निकाल ठरतो तो फेकताना पाय कुठे होता यावर.

दुसरी नजर: तो थांबला का?

बेसवर रनर असताना पिचर जवळजवळ नेहमी सेट पोझिशनमधून टाकतो. पिव्हट पाय रबरला लावून आडवा उभा राहतो, कॅचरची खूण घेतो, मग दोन्ही हात शरीरासमोर एकत्र आणतो आणि तिथे पूर्ण थांबतो. हा थांबा सक्तीचा आहे. हात एकत्र आले आणि न थांबता तसेच पुढे चेंडू टाकायला निघाले, की बॉक. बेस रिकामे असतील तर थांबायची गरज नाही, आणि बॉकही नाही. बॉक होण्यासाठी बेसवर कुणीतरी असावंच लागतं.

किती वेळ थांबायचं? सेकंदांत उत्तर नाही. हालचाल थांबली आहे हे दिसलं पाहिजे. या ‘दिसण्यावरून’ १९८८ साली मोठा गोंधळ झाला होता. त्या वर्षी नियमाचे शब्द कडक केले गेले, थांबा पूर्ण आणि स्पष्ट ओळखता येईल असाच हवा, आणि अंपायरनी तो काटेकोरपणे लावला. १९८७ मध्ये मेजर लीगच्या दोन्ही विभागांत मिळून ३५६ बॉक दिले गेले होते, १९८८ मध्ये तो आकडा ९२४ वर गेला. ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टच्या एकट्याच्या नावावर त्या हंगामात १६ बॉक लागले आणि तो विक्रम अजून टिकून आहे. पिचर एका हिवाळ्यात बेइमान झाले नव्हते. पुढच्या वर्षी शब्द पुन्हा सैल केले आणि आकडा खाली आला. बॉकमध्ये अंपायरच्या नजरेला किती वजन आहे हे समजायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. २७ सप्टेंबर २०२२, मायामी मार्लिन्स विरुद्ध न्यूयॉर्क मेट्स. मार्लिन्सचा डावखुरा रिचर्ड ब्लायर पीट अलोन्सोला चेंडू टाकत होता, फर्स्टवर जेफ मॅकनील. फर्स्ट बेसचे अंपायर जॉन टंपेन यांनी न थांबल्याबद्दल बॉक दिला, मॅकनील सेकंडला. पुन्हा बॉक, थर्डला. तिसरा बॉक, आणि मॅकनील कुणी चेंडूला बॅट न लावता घरी आला. एका बॅटरच्या एकाच पाळीत तीन बॉक! ब्लायरच्या कारकिर्दीत त्याआधी एकही बॉक नव्हता. त्या तीन हालचाली तुम्हाला कुठे बघायला मिळाल्या तर चेंडू विसरा आणि फक्त त्याचे हात बघा. पोटासमोर आल्यावर ते स्थिर झाले का, हे स्वतः ठरवून पाहा. माझ्या मते तो निर्णय फार कडक होता, पण नियमाच्या बाहेरचा नव्हता.

सेटमध्ये आल्यावर मान वळवून रनरकडे कितीही वेळा बघता येतं. खांदा उडाला, गुडघा लचकला, हात किंचित सुटले, तर मात्र ती चेंडू टाकण्याची सुरुवात धरली जाते. १८ जून २०१५ ला डॉजर स्टेडियमवर शून्य-शून्य बरोबरी असताना टेक्सास रेंजर्सचा केओनी केला नवव्या डावात असाच दचकला. थर्डवरच्या एन्रिके हर्नांडेझने होमकडे पळत सुटल्याचा आव आणला, केलाचं अंग हललं, अंपायरने बॉक दिला आणि डॉजर्स १-० ने जिंकले. सामना संपला तोच बॉकवर. रनरने पिचरला हूल देणं पूर्ण कायदेशीर आहे, हेही इथे लक्षात घ्या.

तिसरी नजर: पाऊल कुठे पडलं?

रबरवरून बेसला फेकायचं तर आधी मोकळ्या पायाचं पाऊल त्या बेसच्या दिशेने पडलं पाहिजे. हात आधी आणि पाय नंतर चालत नाही. जागच्या जागी गिरकी घेऊन फेकलं तरी बॉक. उजव्या हाताचा पिचर फर्स्टच्या रनरकडे पाठ करून उभा असतो, म्हणून त्याला झटकन उडी मारून वळावं लागतं. त्या उडीत दोन्ही पाय हवेत जातात आणि नवख्याला ती हमखास चूक वाटते. मोकळा पाय फर्स्टच्या दिशेने पुढे गेला असेल तर ती उडी नियमात बसते.

सगळ्या बेसचा नियम एकच नाही.

फर्स्टकडे पाऊल टाकलं की फेकलंच पाहिजे. रबरवरून फर्स्टला खोटा थ्रो चालत नाही.

थर्डलाही आता तेच. २०१३ पूर्वी मेजर लीगमध्ये एक गाजलेली युक्ती होती. फर्स्ट आणि थर्डवर रनर असताना उजवा पिचर थर्डकडे पाऊल टाकून हूल द्यायचा आणि गर्रकन वळून फर्स्टला बघायचा. तिथला रनर निघाला असेल तर सापडायचा. सहसा कुणी सापडायचं नाही, नुसता वेळ जायचा. २०१३ पासून थर्डची हूलही बॉक ठरली. जुने सामने बघताना ही हालचाल दिसली आणि अंपायर गप्प राहिला, तर त्याची चूक काढू नका.

सेकंडला मात्र हूल चालते. सेकंडवर रनर असेल तर पिचर तिकडे पाऊल टाकून, हात उगारून, चेंडू हातातच ठेवू शकतो.

रिकाम्या बेसला फेकणं किंवा तशी हूल देणं म्हणजे बॉक, पण एक अपवाद आहे. फर्स्टवरचा रनर सेकंडकडे धावत सुटला असेल तर पिचर थेट सेकंडला फेकू शकतो, कारण तिथे खरंच खेळ घडतो आहे. उलट, फर्स्ट बेसमन बेसपासून दूर उभा आहे, रनरला टॅग करण्याचा, म्हणजे चेंडू लावून आउट करण्याचा, त्याचा प्रयत्नच नाही, आणि पिचरने रबरवरून त्याच्याकडे चेंडू फेकला, तर बेसवर रनर असूनही तो बॉक होऊ शकतो.

डावखुरे

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण पिकऑफची खरी कला यांच्याकडे आहे.

डावखुरा पिचर सेटमध्ये उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड फर्स्ट बेसकडेच असतं. रनर त्याच्या नजरेसमोर. तो उजवा पाय उचलतो. गुडघा कमरेपर्यंत येतो. या क्षणी तो होमला टाकणार की फर्स्टला फेकणार, हे रनरला ओळखता येत नाही. दोन्ही हालचाली पहिल्या अर्ध्या भागात हुबेहूब सारख्या करणं हीच त्याची साधना. अँडी पेटिट, क्लेटन कर्शॉ, मार्क बर्ली ही नावं पिकऑफच्या गप्पांत सतत येतात आणि तिघेही डावखुरे आहेत.

हे फसवणं नाही का? आहे, पण नियमाने दिलेलं आहे. पाय उचलून तो अजून कुठल्याच दिशेला निघालेला नसतो. निघाला की बांधला गेला. त्यासाठी दोन रेषा डोळ्यांत ठेवा.

पहिली रेषा रबरची मागची कड. उचललेला मोकळा पाय पूर्णपणे त्या कडेच्या मागे गेला, तर त्याने चेंडू होमलाच टाकायचा. सेकंडचा पिकऑफ हा एकच अपवाद. तिथून फर्स्टला फेकला की बॉक. ही रेषा नियमपुस्तकात स्पष्ट लिहिलेली आहे.

दुसरी रेषा मैदानावर कुठेच आखलेली नसते. पाऊल ‘थेट बेसच्या दिशेने’ हवं, असं नियम सांगतो. अंपायर सोयीसाठी रबरपासून होम आणि फर्स्ट यांच्या बरोबर मधून जाणारी ४५ अंशांची रेषा मनात धरतात. फर्स्टला फेकताना पाऊल या रेषेच्या फर्स्टकडच्या बाजूला पडलं तर ठीक, होमकडे झुकलं तर बॉक. उत्तम डावखुरा या काल्पनिक रेषेला जेमतेम स्पर्श करेल असं पाऊल टाकतो, कारण ते जितकं होमकडे, तितका रनर जास्त फसतो. म्हणून पिकऑफमध्ये हातखंडा असलेल्यांच्या नावावर बॉकही बरेच लागतात. स्टीव्ह कार्लटन हा त्याच्या काळातला नामांकित डावखुरा, पिकऑफमध्ये तर पट्टीचा. मेजर लीगच्या इतिहासात सर्वाधिक बॉक, ९०, त्याच्याच नावावर आहेत.

टीव्हीवर हे बघायचं तर सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचा उपयोग करा, म्हणजे पिचरच्या पाठीमागून दिसणारं नेहमीचं दृश्य. त्यात पाऊल रबरपासून कुठल्या कोनात पडलं ते सर्वांत चांगलं कळतं. मैदानात बसला असाल तर होम प्लेटमागच्या खुर्च्या बऱ्या. फर्स्टच्या बाजूला बसून पावलाचा कोन कळत नाही, आणि तिथूनच सर्वांत मोठ्याने ‘बॉक!’ ओरडलं जातं.

डावखुऱ्याकडे आणखी एक शस्त्र असतं. तो पाय उचलतच नाही. डावा पाय चटकन रबरच्या मागे उतरवतो आणि मनगटाच्या झटक्याने फर्स्टला फेकतो. रबर सोडलेला असल्याने पावलाची दिशा इथे लागू होत नाही. थ्रोला जोर कमी असतो, पण बेसावध रनरला तेवढा पुरतो.

आणि रनर काय करतो? उजव्या पिचरसमोर तो पिचरच्या टाचांकडे बघतो. उजवी टाच आधी उचलली तर पिकऑफ, डावा पाय आधी उचलला तर चेंडू होमला. डावखुऱ्यासमोर एवढी सोपी खूण नसते. म्हणून काही रनर पहिल्या हालचालीवरच जुगार खेळतात: पाय उचलला रे उचलला की पळत सुटायचं. पिचर फर्स्टला फेकेल, पण तोवर आपण निम्म्या वाटेवर असू आणि फर्स्ट बेसमनला सेकंडपर्यंत लांब थ्रो करावा लागेल. असा रनर वाचतो तेव्हा तो पिकऑफ झाला होता हेसुद्धा पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

उरलेले बॉक

हे भराभर बघून घेऊ, रोज दिसणारे नाहीत. रबरवर असताना चेंडू हातातून निसटून पडला, बॉक, मुद्दाम असो वा चुकून. हातात चेंडू नसताना रबरवर किंवा रबरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला, बॉक. चेंडू लपवून रनरला फसवायची जुनी युक्ती यामुळेच पिचर माउंडच्या आसपास रेंगाळून जमवता येत नाही. बॅटर तयार नसताना घाईने टाकला, बॉक. रबर सोडून चेंडू टाकण्याची नक्कल केली, बॉक. विनाकारण वेळकाढूपणा केला, तोही बॉक.

बॉक झाल्यावर

प्रत्येक रनर एक बेस पुढे. थर्डवरचा रनर घरी येतो आणि धाव धरली जाते. बॅटर जागेवरच राहतो, त्याची स्ट्राइक-बॉलची मोजणी होती तशीच.

मात्र अंपायर बॉक म्हणाला की खेळ त्या क्षणी थांबतोच असं नाही, आणि इथे भले भले चुकतात. बॉक होऊनही पिचरने चेंडू टाकला, बॅटरने तो मारला, बॅटर फर्स्टला सुखरूप पोहोचला आणि बाकीचे सगळे रनरही किमान एक बेस पुढे गेले, तर बॉक झालाच नव्हता असं समजून खेळ पुढे चालू राहतो. बॉकमध्ये होमरन बसली तर होमरन मोजली जाते. असं काही घडलं नाही तर चेंडू रद्द आणि दंड लागू. म्हणजे पिचरच्या चुकीमुळे बॅटिंग करणाऱ्या संघाचं नुकसान होत नाही. तसंच, बॉक करताना थ्रो भलतीकडे गेला तर रनर मिळालेल्या बेसच्याही पुढे स्वतःच्या जबाबदारीवर पळू शकतो. तेव्हा ‘बॉक’ ऐकून रनरने थबकू नये. बॉकचा निर्णय व्हिडिओ रिप्लेसाठी मागता येत नाही, म्हणून व्यवस्थापक अंपायरशी तावातावाने बोलताना दिसतात आणि बऱ्याचदा बाहेर काढले जातात.

दंड असूनही कुणी मुद्दाम बॉक करेल का? १४ जून २०१९ रोजी डॉजर्सच्या केन्ली जॅन्सनने शिकागो कब्सविरुद्ध केला. नववा डाव, दोन आउट, डॉजर्स ५-३ ने पुढे, सेकंडवर जेसन हेवर्ड. तेव्हा कॅचर बोटांनी खुणा करायचा. सेकंडवरच्या रनरला त्या दिसायच्या आणि तो त्या बॅटरला कळवू शकायचा. थर्डवरून त्या दिसायच्या नाहीत. दोन धावांची आघाडी असल्याने हेवर्डच्या एका धावेने काही बिघडणार नव्हतं. जॅन्सनने रबरवर उघड पाय हलवले, बॉक घेतला, हेवर्डला थर्डला पाठवलं आणि समोरच्या बॅटरला स्ट्राइकआउट करून सामना संपवला. नियम एवढा आतून कळलेला माणूस बघायला मिळणं हा प्रेक्षक म्हणून मोठा आनंद असतो.

२०२३ नंतरचा हिशेब

आता बोटांवर मोजायला शिका. २०२३ पासून मेजर लीगमध्ये एका बॅटरच्या पाळीत पिचरला दोनदाच रबर ‘सोडता’ येतं. पिकऑफचा थ्रो आणि नुसता स्टेप ऑफ, दोन्ही या मोजणीत धरतात. तिसऱ्यांदा प्रयत्न केला आणि रनर आउट झाला तर उत्तम, नाही झाला तर बॉक. त्याच पाळीत रनर पुढच्या बेसला गेला तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

सोबत घड्याळही आलं, पिचरने किती सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करायची ते ठरवणारं. बेस रिकामे असताना १५ सेकंद, रनर असताना आधी २० आणि २०२४ पासून १८. घड्याळ ठेवायचं आणि पिकऑफ अमर्याद द्यायचे, तर पिचर दर वेळी फर्स्टला फेकून घड्याळ नव्याने सुरू करून घेईल. ही पळवाट बंद करायला मर्यादा हवीच होती. त्याच वर्षी बेसही १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि फर्स्ट ते सेकंड अंतर साडेचार इंचांनी घटलं. परिणाम लगेच दिसला. २०२२ मध्ये २,४८६ बेस चोरले गेले होते, २०२३ मध्ये ३,५०३. अटलांटा ब्रेव्ह्जच्या रोनाल्ड अकुन्याने एकट्याने ७३ चोरले.

या मोजणीमुळे सामना बघण्याची मजा वाढली आहे असं मला मनापासून वाटतं. पहिला थ्रो झाला, रनर सावध. दुसरा झाला, आणि आता पारडं फिरलं. तिसरा फेकला आणि रनर वाचला तर बेस फुकट, हे दोघांनाही ठाऊक असतं. रनर एक पाऊल जास्त सरकतो. काही पिचर दुसरा प्रयत्न मुद्दाम राखून ठेवतात. काही जण तिसरा फेकतातच, कारण त्या जास्तीच्या पावलामुळेच रनर सापडू शकतो. स्टेडियममध्ये ही मोजणी तुम्ही मनात ठेवलीत तर त्या वेळी शेजारच्यांना कंटाळवाणा वाटणारा खेळ तुम्हाला अजिबात कंटाळवाणा वाटणार नाही.

मुलं खेळत असतील तर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी हा भाग महत्त्वाचा. लिटल लीगमध्ये साधारण बारा वर्षांपर्यंतची मुलं ६० फुटांच्या बेसवर खेळतात. तिथे चेंडू बॅटरपर्यंत पोहोचेस्तोवर रनरने बेस सोडायचाच नसतो, म्हणून लीड नाही आणि बॉकही नाही. पुढच्या गटात पिचिंगचं अंतर ५० फूट आणि बेस ७० फुटांवर जातात. लीड, पिकऑफ आणि बॉक तिघेही एकदम अवतरतात, आणि कालपर्यंत छान टाकणारं पोर अचानक गोंधळतं. तुमचं मूल क्लबच्या ट्रॅव्हल टीममध्ये असेल तर लीड याहून लवकरही सुरू होऊ शकतो, तेव्हा त्या स्पर्धेची नियमावली आधीच मागून घ्या. हायस्कूलमध्ये एक मोठा फरक आहे: बॉक दिला की चेंडू तिथेच मृत. वर सांगितलेली होमरनची सवलत तिथे मिळत नाही. मुलगी फास्टपिच सॉफ्टबॉल खेळत असेल तर चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत रनर बेसवरच असते, त्यामुळे हा पिकऑफचा खेळ तिथे नसतो. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांत बेसबॉल खेळणाऱ्यांनीही आपल्या गटात लीड चालतो का, हे पहिल्याच दिवशी पंचांना विचारून घ्यावं.

सराव घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये होतो. दोन फूट लांब, सहा इंच रुंद फळी जमिनीवर ठेवा, किंवा तेवढा आयत खडूने काढा. त्याच्या मध्यापासून तीन रेषा ओढा, एक होमकडे, एक फर्स्टकडे, तिसरी दोघींच्या मधोमध. चेंडू न घेता सुरुवात करा. हात एकत्र आणायचे, थांबायचं, मनात ‘एक’ म्हणायचं. मग तुम्ही ‘होम’, ‘फर्स्ट’ किंवा ‘मागे’ असं पुकारायचं आणि मुलाने तेवढंच करायचं. ‘मागे’ म्हटलं की पिव्हट पाय आधी हलला पाहिजे, तोही सरळ मागेच. डावखुरं मूल असेल तर त्याचं पाऊल मधल्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतं ते मागून फोनवर चित्रित करून त्यालाच दाखवा. पाय चुकायचे थांबले की मगच हातात चेंडू द्या. वेग नंतर येतो. सामन्यात त्याला बॉक दिला गेला तर बाहेरून ओरडू नका. डाव संपल्यावर कोचला अंपायरकडून कारण विचारून घ्यायला सांगा, न थांबल्याबद्दल होता की पावलाबद्दल, आणि पुढच्या सरावाला तेवढंच घ्या.